कारखान्यातलं अस्सल की बाबांच्या मनगटावरचं?

*माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. १९७८ साली त्यांनी एचएमटीचं 'जनता' घेतलं आणि निवृत्त झाल्यावरही तेच वापरलं. २००९ मध्ये ते गेले. तेव्हापासून घड्याळ आईच्या कपाटात होतं. आई गेल्यावर यंदा ते माझ्याकडे आलं. चावी फिरते, घड्याळ हलवलं की चार-पाच ठोके पडतात आणि पुन्हा थांबतं. काचेला तडा आहे. डायल पांढरी होती, आता पिवळट झालीय आणि चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे. वर देवनागरीत 'जनता' लिहिलंय. चावीचं बटण बाबांनीच कधीतरी बदलून घेतलेलं. ते जरा मोठं आणि पिवळं आहे, बाकी घड्याळाशी जुळत नाही. इथल्या एका दुकानात दाखवलं. ते म्हणाले, "ताई, डायल रंगवून, बॉडी पॉलिश करून, मशीन बदलून एकदम नवं करून देतो." मी खूश झाले, पण धाकटा भाऊ चिडला. म्हणतो, एवढं बदललं तर बाबांचं घड्याळ राहिलं कुठे? हात लावू नकोस, आहे तसं ठेव. मला मात्र ते रोज बँकेत घालून जायचंय. काय करू?*
*— एक वाचक, सांगली*

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. त्या घड्याळाला चावी देणं आजपासून थांबवा. हलवून बघणंही थांबवा. बाबा गेल्यापासून ते बंद पडून आहे, म्हणजे आतलं तेल केव्हाच सुकून चिकट झालं असणार. अशा अवस्थेत चाकं जबरदस्तीने फिरवली, तर जे आज फक्त मळलंय ते उद्या झिजलेलं निघेल. "चालतंय का बघू" म्हणून प्रत्येक जण दोन वेढे देतो आणि त्यातच जुन्या घड्याळांचं नुकसान होतं.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तरी हे घड्याळ फार बिघडलेलं वाटत नाही. आतली मुख्य स्प्रिंग तुटली असती तर चावी अखंड फिरत राहिली असती, शेवट लागलाच नसता. चार-पाच ठोके पडून थांबणं याचे साधारण दोनच अर्थ होतात. एक तर तेल सुकलंय. नाहीतर बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे पुढेमागे झोके घेणाऱ्या चाकाचा आस, मोडलाय किंवा त्याचं टोक झिजलंय. पहिलं असेल तर नुसत्या सर्व्हिसिंगने काम होईल, काहीही बदलावं लागणार नाही. म्हणून घड्याळ उघडून, धुऊन, तेल देऊन बघण्याआधीच "मशीन बदलतो" म्हणणाऱ्याच्या हाती ते देऊ नका.

आता तुमच्या भावाच्या प्रश्नाकडे येते. तो मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा राग मला समजतो. तुम्ही सांगलीचे, तेव्हा मिरज तुम्हाला लांब नाही. कधी सतारमेकर गल्लीत जाऊन बसा. एखादा साठ-सत्तर वर्षांचा तंबोरा दुरुस्तीला आलेला असतो. त्याच्या तारा बदलतात. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर चरे पडलेले असतात, तेव्हा ती घासून जवारी, म्हणजे तारेला घुमवणारा तिचा उतार, पुन्हा काढतात. घरातलं माणूस यातल्या कशालाच हरकत घेत नाही, कारण तार आणि जवारी वाजण्यानेच झिजतात. ती बदलली नाही तर तंबोरा गप्प होईल. पण त्याच कारागिराने "भोपळा जुना दिसतोय, नवा बसवतो" म्हटलं, तर तेच माणूस तंबोरा उचलून घरी जाईल.

घड्याळातही हा फरक आहे. जे भाग एकमेकांवर घासतात, ताणले जातात, ते झिजायचेच. मुख्य स्प्रिंग रोज ताणली जाते आणि काही वर्षांनी तिचा जोर कमी होतो. 'जनता'चं बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. बाबांच्या हातावर ते तीसेक वर्षं चाललं, तेव्हा किती ठोके झाले याचा हिशेब तुम्हीच करा. त्या स्टाफची टोकं केसाच्या जाडीच्या जवळपास असतात. ती झिजली तर त्यात घड्याळाचा अपमान नाही, आणि बदलली तर बाबांचाही नाही. बाबांनी स्वतः त्यातले काही भाग केव्हाच बदलून घेतलेले असू शकतात. सुट्टीच्या दिवशी घड्याळ सर्व्हिसिंगला टाकणं हे तेव्हा प्रत्येक घरात व्हायचं.

त्यातही तुमचं नशीब चांगलं आहे, कारण घड्याळ एचएमटीचं आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला हा कारखाना उभा राहिला आणि सिटिझनच्या यंत्रावर बेतलेलं १७ खड्यांचं (चाकांचे आस ज्यांवर टेकतात ते खडे), चावीचं मशीन तिथे वर्षानुवर्षं बनत राहिलं. मशीनवर ०२३१ हा नंबर दिसेल. हेच मशीन 'जनता'त आणि हेच 'पायलट'मध्येही बसलेलं आहे, आणि त्याचे भाग एकमेकांत चालतात. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं, त्यामुळे कारखान्याकडून भाग येण्याची वाट आता बंद आहे. पण घड्याळं एवढी बनली होती की जुन्या कारागिरांच्या डब्यांत त्यांचे भाग अजून सापडतात. डायल पार गेलेलं, बॉडी फुटलेलं एखादं एचएमटी पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात मिळतं. त्यातलं बॅलन्स काढून तुमच्या घड्याळात बसवलं, तर तो त्याच कारखान्याचा, त्याच जातीचा भाग असेल. मी याला अस्सल दुरुस्ती म्हणते. फक्त एक अट: त्यासाठी चालतं-बोलतं, चांगल्या डायलचं दुसरं घड्याळ मोडू नका. तेही कुणाच्या तरी बाबांचं होतं.

अख्खं मशीन बदलायचं का? माझं मत, नको. ०२३१ च्या जागी दुसरं ०२३१ टाकणं दुकानदाराला सोपं जातं, दहा-पंधरा मिनिटांत होतं, आणि कुणाला कळणारही नाही. पण तुम्ही रात्री उशाशी ठेवून जी टिकटिक ऐकाल ती बाबांच्या घड्याळाची नसेल. एक भाग मोडला असेल तर तो एकच बदला. आणि बॅटरीचं मशीन बसवायचा सल्ला कुणी दिला तर तिथून सरळ उठून या.

डायलबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. माझ्या मामांचं फेव्हर ल्यूबा हे स्विस घड्याळ माझ्याकडे आलं होतं. डायल डागाळलेली होती. मी ती एका दुकानात रंगवायला दिली, अगदी हौसेने. परत आली तेव्हा ती पांढरीशुभ्र होती आणि मला ओळखू आली नाही. अक्षरं जाड झाली होती, मिनिटांच्या रेघा एका बाजूला दाटीने आणि दुसऱ्या बाजूला विरळ. खाली सहाच्या दोन्ही बाजूंना असलेली बारीक अक्षरं तर गायबच. जुना रंग खरवडून काढलेला होता, त्यामुळे मागे फिरायचा रस्ताही उरला नव्हता. मामा जेवायला बसण्याआधी ते घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवायचे. आज ते ताटाशेजारी ठेवलं तर मला मामा दिसत नाहीत, ती रंगवलेली डायल दिसते. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती सल गेलेली नाही. तुम्हाला तशी सल लागू नये, एवढ्यासाठी हे सांगते आहे.

डायल रंगवणं हा मुंबईतला जुना धंदा आहे. तिथे रंगवलेली, इकडचे काटे आणि तिकडची बॉडी जोडून चमकवलेली घड्याळं जगभर इतकी विकली गेली की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि ती हातात घ्यायलाही तयार होत नाहीत. आपल्या शहराचं नाव अशा कारणाने निघावं याचं मला वाईट वाटतं, कारण त्याच मुंबईत अव्वल दर्जाचे कारागीरही बसतात. एचएमटीच्या बाबतीत तर कारखान्याने कधी काढलेच नाहीत असे भडक हिरवे, लाल, निळे डायल रंगवून विकले जातात.

तुमच्या डायलवर देवनागरी 'जनता' आहे. ती अक्षरं नीट बघा, शक्य असेल तर भिंगातून. शिरोरेषा किती बारीक आहे, 'न' आणि 'ता' यांच्यात किती अंतर सोडलंय. ते वळण आज रंगवणाऱ्याला जमणार नाही. डायल पिवळी पडलीय ती वरच्या लॅकरमुळे, वयाने. चारजवळचा डाग बहुधा पाण्याचा किंवा घामाचा, चावीच्या बाजूने आत शिरलेला. कंडक्टरचा हात पावसाळ्यात गाडीच्या दारातून किती वेळा भिजला असेल! तो डाग राहू द्या. फक्त तो वाढू नये म्हणून आत ओलावा जाणं थांबलं पाहिजे. आणि डायल पुसायची नाही. ओल्या कापसाने तर नाहीच. छापलेली अक्षरं कापसाबरोबर उठून येतात. हवेच्या फुग्याने धूळ उडवायची, बस. काट्यांनाही हेच लागू.

बॉडीचं पॉलिशही नको. घड्याळ उलटं करून मागचं झाकण वाचा. तिथे इंग्रजीत 'स्टेनलेस स्टील बॅक' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं आहे, बॉडी पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा. बफिंगच्या चाकावर तो मुलामा निघतो, खालचं पितळ उघडं पडतं, घामाने हिरवं होतं, आणि कडांची धार जाऊन बॉडी साबणाच्या वडीसारखी गोल होते. घड्याळ मिठाच्या पाण्यातून काढल्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. मळ मऊ ब्रशने काढून घ्या, चरे असू द्या.

काच मात्र बदला. इथे भावाची समजूत घालावी लागेल. ती काच म्हणजे ॲक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिक. नुसते चरे असते तर पॉलिशच्या पेस्टने निघाले असते आणि मी जुनीच ठेवायला सांगितली असती. पण तड्यातून दमट हवा आत जाते, आणि जिचा आपण एवढा जीव लावून विचार करतोय त्या डायलला तीच खाते. नवीन काचही ॲक्रिलिकचीच घ्या, त्याच उंचीची आणि मापाची. सपाट खनिज काच बसवली तर घड्याळाचा चेहराच बदलतो. जुनी, बाजूने किंचित फुगीर काच उजेड वेगळा घेते. तडा गेलेली काच भावाला द्या. त्याला ती ठेवावीशी वाटेल.

मग राहते चावीचं ते पिवळं बटण. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग तो आहे. एखादा काटेकोर संग्राहक ते घड्याळ बघेल तर म्हणेल, हे चुकीचं आहे, काढा आणि मूळच्यासारखं बसवा. त्याच्या जागी तो बरोबर असेल. त्याच्यासाठी अस्सल म्हणजे १९७८ साली दुकानाच्या काचेतून बाहेर आलं तसं. पण तुम्हाला कारखान्यातलं घड्याळ नकोय, तुम्हाला बाबांचं हवंय. बाबांनी कधीतरी एसटी स्टँडजवळच्या एखाद्या टपरीवर उभं राहून, "जे असेल ते बसवा, ड्यूटीवर जायचंय" म्हणत ते बटण बसवून घेतलं असेल. ते मोठं असेल, रंगही जुळत नसेल, पण त्या बटणाला रोज सकाळी चावी देणारा अंगठा बाबांचाच होता. चावी नीट लागत असेल, बटण बाहेर ओढून काटे फिरत असतील आणि ते बॉडीला टेकून बसत असेल, तर ते तसंच राहू द्या. कारागिराला हे स्पष्ट सांगा, कारण तो चांगल्या मनाने ते बदलून टाकेल आणि तुम्हाला सांगणारही नाही. बसत नसेल, फट राहत असेल, तर मात्र बदला, कारण चारजवळचा डाग तिथूनच आलेला असू शकतो.

यावरूनच बाकीचं ठरवता येईल. बाबांच्या हयातीत झालेली प्रत्येक दुरुस्ती त्या घड्याळाचीच आहे. आता तुम्ही कराल ती घड्याळ चालण्यापुरती आणि टिकण्यापुरती असू द्या.

कारागीर कसा ओळखायचा? चकचकीत शोरूममध्ये जाऊ नका, तिथून घड्याळ दुसऱ्याच गावाला पाठवलं जातं आणि मधे कोण काय बदलतं ते कळत नाही. गल्लीतल्या काचेच्या पेटीमागे बसलेले, डोळ्याला भिंग लावलेले जुने गृहस्थ शोधा. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात असे लोक अजून आहेत, आणि एचएमटी त्यांनी हजारोंनी उघडलेली असतात. त्यांना सरळ विचारा: माझ्यासमोर उघडाल का? डायल आणि काटे आधी काढून, कागदात वेगळे ठेवून मग मशीन धुणार ना? बदललेला प्रत्येक भाग मला परत द्याल का? तिसऱ्या प्रश्नावर चेहरा बघा. जो लगेच "हो, पुडीत घालून देतो" म्हणेल त्याच्याकडे द्या. जो "त्या भंगाराचं काय करणार?" म्हणेल त्याच्याकडे नको.

देण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. समोरून, मागून, चावीच्या बाजूने, आणि झाकण उघडल्यावर मशीनचा. पावतीवर नुसतं 'एचएमटी १ नग' लिहून घेऊ नका, झाकणावरचा नंबर लिहून घ्या. काम झाल्यावर एक चिठ्ठी करा: कोणत्या तारखेला, कुणाकडे, काय बदललं. ती आणि जुन्या भागांची पुडी घड्याळाच्या डबीत ठेवा. उद्या तुमच्या घरातल्या कुणाला ते विकावंसं वाटलं, तर घेणाऱ्याला खरं सांगता येईल. आणि कुणाला सगळं मूळपदावर न्यावंसं वाटलं, तर तेही करता येईल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक वेगळी, गंभीर गोष्ट. आपण गाडीवरच्या चमकत्या पट्टीलाही रेडियम म्हणतो. त्यात रेडियम नसतं. पण १९६० च्या आधीच्या कित्येक स्विस घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर खरोखरच रेडियम लावलेलं असे. आता ते अंधारात चमकत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ते संपलं. संपलेला असतो तो चमकणारा पदार्थ. रेडियम अर्धं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. आजोबांच्या घड्याळावर असा तपकिरी, भुरभुरीत लेप दिसला तर तो नखाने खरवडू नका, फुंकू नका, काच उघडी ठेवू नका आणि कारागिरालाही आधी सांगा. त्याची पूड श्वासातून आत जाणं हा खरा धोका आहे.

तुमच्या रोजच्या वापराचं थोडक्यात सांगते. चावी सकाळी ठरलेल्या वेळी, घड्याळ हातातून काढून मग द्या. अडल्यासारखं वाटलं की थांबा, त्यापुढे अर्धा वेढाही नको. पाणी अजिबात चालणार नाही. पावसाळ्यात पर्समध्ये ठेवा. दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर घाबरू नका, या वयात तो शोभतो. अचानक तासाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुधा मोबाइलच्या कव्हरमधल्या लोहचुंबकाची बाधा झालेली असते. ती कारागीर दोन मिनिटांत काढतो. पट्टा नवा घाला. बाबांचा पट्टा असेल तर डबीत ठेवा, त्याचं कितवं भोक ताणलंय ते बघा.

आणि कारागिराकडे जाल तेव्हा भावाला बरोबर घेऊन जा. मागचं झाकण उघडलं की ते हातात मागून घ्या आणि आतली बाजू उजेडात तिरकी धरा. जुने कारागीर सर्व्हिसिंग केल्यावर तिथे सुईने बारीक काहीतरी कोरत: एखादी तारीख, एखादा आकडा, स्वतःची खूण. भिंगाशिवाय ते दिसत नाही. बाबांनी घड्याळ जितक्या वेळा नेलं असेल त्यातल्या काही खुणा तिथे असतील. त्या आतून पुसायच्या नाहीत, हे कारागिराला सांगा, आणि तिथे एक जागा यंदाच्या तारखेसाठी मागून घ्या.